कातडं दाखव

बानाबाईंच्या अंगणात सकाळीच सतरंज्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर बसलेल्या सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. त्या बाजूला गोदावरी बसली होती, झोपलेल्या लेकीला, छबूला, मांडीवर घेऊन.

होळी नुकतीच होऊन गेली होती. महिनाभर शेअर बाजार रोज थोडा थोडा उतरत होता आणि त्याची बातमी तिच्या सासरी करमाडात रोज थोडी थोडी फुगून पोचत होती. शेवटी थोरल्या दिरानं, नानासाहेबांनी, भावकी बोलावली. गोदावरी येताना पुन्हा पुन्हा मनात म्हणाली होती, छबूला नजमुन्निसा आपांकडंच ठेवायला पाहिजे होतं. आपा चिकलठाण्यात तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, रोज छबूला सांभाळायच्या, त्यांच्या घरात धूळ नव्हती आणि भावकीही नव्हती. पण सासूबाईंचा, बानाबाईंचा, निरोप होता, लेकरू आण, दिसलं नाय लई दिवसांत. आता लेकरू सगळ्यांना दिसत होतं, आणि कोण उठून गाल ओढतंय का यावर गोदावरीचा एक डोळा होता. दुसरा डोळा आवडाबाईंवर. ही थोरली जाऊ नेहमी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. आज ती पलीकडच्या सतरंजीवर, नवऱ्याच्या, नानासाहेबांच्या, मागं बसली होती. म्हणजे रात्री घरात बोलणं झालं होतं.

"गोदावरी," नानासाहेब म्हणाले, "मी वाकडं बोलत नाय. तू धाकटी हायेस, लेकीवानी हायेस. सरळ इचारतो. आमच्या पैशाला काय झालं?"

"काही झालं नाही भावजी. बाजार उतरलाय. तुमचे युनिट जेवढे होते तेवढेच आहेत, भाव कमी झालाय."

"कमी झालाय म्हंजी थोडे मेले का?"

कुणी हसलं नाही. गोदावरीला हसू आलं होतं, ते तिनं छबूची टोपी नीट करण्यात घालवलं. कारण हे शेळ्यांचं बोलणं तिनंच सुरू केलं होतं.

शेंद्र्याचा माळ एमआयडीसीत गेला, घरात पैसा आला, त्यातला बराचसा नानासाहेबांनी पाळलेल्या इमू पक्ष्यांबरोबर पळून गेला, आणि उरलेला वाचवायचा म्हणून सहा वर्षांपूर्वी याच अंगणात गोदावरीनं सगळ्यांना म्युच्युअल फंड समजावून सांगितला होता. नव्यानं लग्न होऊन आलेली, बीकॉम झालेली, परीक्षा देऊन नुकताच परवाना मिळवलेली सून. तासभर ती बोलत होती आणि तासभर सगळे तिच्याकडं पाहुण्यासारखे बघत होते. मग तिनं हात टेकले आणि म्हणाली, समजा, एक युनिट म्हणजे एक शेळी. दर महिन्याला एक पाट, म्हणजे तरणी शेळी, विकत घ्यायची आणि कळपात सोडायची. त्याबरोबर चुलीपाशी बसलेल्या बानाबाई म्हणाल्या, "आगं मंग सांग की तसं. अर्धलीनं द्यायच्यावानी!" अर्धलीनं म्हणजे शेळी एकाची, राखायची दुसऱ्यानं. सगळ्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. गोदावरीला इतका आनंद झाला की तिनं जोरजोरात मान हलवली.

त्या मान हलवण्यावर तिचा धंदा उभा राहिला. चिकलठाण्यात दुकानावर 'गोदा गुंतवणूक केंद्र' अशी पाटी लागली, आणि आजूबाजूच्या गावांत ती शेळीवाली मॅडम झाली. घरच्यांनी दिले म्हणून भावकीनं दिले, भावकीनं दिले म्हणून करमाडनं दिले. आता घरच्यांनी काढले तर करमाड सोमवारपर्यंतसुद्धा थांबणार नव्हतं. आणि काढलेले पैसे कुठं जाणार तेही तिला ठाऊक होतं. पिशोरच्या रामकिसननं इमूंनंतर आता गाढविणीच्या दुधाची योजना काढली होती. वर्षात दुप्पट. नानासाहेबांच्या खिशात तिचं रंगीत पत्रक होतं, त्याचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यावर गाढविणीचा एक कान.

चुलत सासरे काकासाहेब खाकरले. रीतभात कुणी विसरलं की ते खाकरायचे.

"कायदा काय हाय, मी सांगतो. राखणदाराकडं जनावर मेलं, तर त्यानं मालकाला कातडं आणून दाखवायचं. कानावरचा मालकाच्या खुणेचा काप दिसला पायजे. कातडं नाय दाखवलं, तर जनावर इकून खाल्लं असं धरायचं."

"बराबर," मागून दोघंतिघं म्हणाले.

"तवा सूनबाई, कातडं दाखव."

"मामंजी," गोदावरी म्हणाली, "म्युच्युअल फंडाला कातडं नसतं."

"मंग इकलंस."

"विकलं नाही! मेलंच नाही तर कातडं कुठून आणू? कळप हडकलाय फक्त. वर्ष वाईट आहे. पण सगळं जनावर जिवंत आहे."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. हडकलाय म्हटल्याबरोबर अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. जन्मभर शेळ्या राखलेल्या या माणसांपुढं बाजाराबद्दल काहीही बोललेलं चाललं असतं. हडकलेल्या शेळीबद्दल नव्हे.

बानाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "जित्तं हाय ना? मंग कातडं ऱ्हाऊ दे. कळप दाखव."

गोदावरीनं नवऱ्याकडं बघितलं. त्रिंबक टेम्पोच्या चाकाकडं बघत होता. आई आणि बायको समोरासमोर आल्या की त्याला टेम्पोचं चाक नेहमीच तपासावंसं वाटायचं.

तिनं मोबाईल काढला. फंडाचा पैसा कुठं कुठं लागलाय ती यादी उघडली आणि मोठ्यानं वाचू लागली, निदान नावं ऐकून तरी धीर येईल म्हणून. एक बँक. एक औषधांची कंपनी. सिमेंट. टायर. दख्खन ब्रेक्स.

"दख्खन ब्रेक्स?" मागं भिंतीला टेकून डुलक्या घेणारा मुंजाबा ताडकन उठला. हा काकासाहेबांचा मुलगा, अंगात वॉचमनचा निळा शर्ट. "ती तर माझी कंपनी!"

"तुझी कशी? तू गेटवर असतोस," नानासाहेब म्हणाले.

"आवं, म्हंजी शेंद्र्यातली. आपल्या खड्याच्या माळावर हाय ती."

एमआयडीसीत गेलेल्या खड्याच्या माळाचं नाव या घरात गेलेल्या माणसासारखं घेतलं जायचं.

"म्हंजी," बानाबाई सावकाश म्हणाल्या, "आपली शेळी आपल्याच माळावर चरतीय? आन मला कुणी सांगितलं बी नाय?" त्या उठल्या, आत गेल्या आणि चपला घालून, काठी घेऊन बाहेर आल्या. "त्रिंबका, टेम्पो काढ."

"आई, ते कागदावरचं असतंय," नानासाहेब म्हणाले. "डोळ्यानं दिसत नाय."

"तुझे इमू डोळ्यानं दिसले व्हते की. पळताना."

*

टेम्पोत पुढं त्रिंबक, बानाबाई आणि छबूला छातीशी धरून गोदावरी. मागं उभी भावकी. जालना रस्त्यावर प्रत्येक ट्रक छबूच्या डोक्यावरून जातोय असं गोदावरीला वाटत होतं. "हळू चालवा," ती म्हणाली. "हळूच चालवतोय," त्रिंबक म्हणाला. मागून काकासाहेबांनी पत्र्यावर काठी आपटली, "आरं चालव की जरा!"

तिनं सासूबाईंना समजवायचा प्रयत्न केला. "आत्याबाई, फंडात शेकड्यांनी शेअर असतात. ही कंपनी त्यातली एक, आणि तिच्यात आपला वाटा म्हणजे शेळीचा एक केससुद्धा नाही."

"केस तर केस. हात लावला की कळतं, जनावर कसंय."

गेटपाशी सगळे उतरले. मुंजाबाही उतरला, टोपी घातली, दुपारच्या ड्युटीवर हजेरी लावून आला, आतून गेटला कडी घातली आणि गजांमधून विचारलं, "काय काम हाय?"

"मुंजा, बाबा," आवडाबाई म्हणाली, "आत्ता टेम्पोत माझ्या पायावर पाय देऊन हुबा व्हतास."

"तवा ड्युटी नव्हती. कुणाला भेटायचं?"

"शेळ्यांना," बानाबाई म्हणाल्या.

"आत शेळ्या नायत."

"मालक आलेत म्हणून सांग आत."

"मालक मुंबईला असत्यात, काकू."

गलका ऐकून आतून पिवळी टोपी घातलेले एक साहेब आले. फेटे, काठ्या, टेम्पो असं सगळं बघून त्यांनी आधी मागं वळून वाट मोकळी आहे ना ते पाहिलं. "कसला मोर्चा आहे? जमिनीचा विषय कोर्टात संपलाय."

"मोर्चा नाही सर," गोदावरी पुढं झाली. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "हे आमचे गुंतवणूकदार आहेत. फंडातून तुमच्या कंपनीत यांचे पैसे आहेत. त्यांना फक्त... बघायचंय."

"काय बघायचंय?"

गोदावरीनं वळून बानाबाईंकडं बघितलं. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, छबूकडं बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, भागधारकांची सभा पावसाळ्यात असते."

"तवर कळप मरंल," काकासाहेब म्हणाले. साहेब फोन कानाला लावत आत निघून गेले.

बानाबाई वाद घालत बसल्या नाहीत. गेटासमोर रस्त्यापलीकडं एक बसका काळा दगड होता, एमआयडीसीनं सगळं सपाट केलं तरी राहून गेलेला. त्यावर त्या जाऊन बसल्या. पूर्वी संध्याकाळी कळप परतायचा तेव्हा याच दगडावर बसून त्या जनावर बघायच्या. आता त्या गेटाकडं तसंच बघू लागल्या. बाकीचे मागं उभे राहिले. गोदावरीनं छबूच्या तोंडावर पदर धरला.

एक गाडी बाहेर पडली. बानाबाईंनी डोळे बारीक केले. "चाकं बगा कशी दबलीत. पोट भरलेलं हाय."

"काकू, ती पाण्याची टाकी हाय," गेटातून मुंजाबा ओरडला. "रिकामी करून चाललीय."

"ऱ्हाऊ दे. दुसरं येऊ दे."

दुसरा ट्रक आला, तिसरा आला. मग पाळी सुटली आणि माणसं डबे हलवत बाहेर आली. बानाबाई पुढं वाकून एकेकाचं तोंड बघत होत्या. एक पोरगा घाबरून परत आत गेला. "बोलत बोलत बाहेर येत्यात," त्या म्हणाल्या. "उपाशी जनावर गुमान चालतं. हडकलाय कळप, खरंय. पण रवंथ करतोय."

काकासाहेबांनी मान डोलावली. बायका सैलावल्या. आवडाबाई हळूच गोदावरीच्या बाजूला सरकून उभी राहिली. एवढ्यावर गोदावरी गप्प बसली असती तर काम झालं होतं. पण काळजी वाटली की तिला गप्प बसता येत नसे. छबूला सर्दी झाली की डॉक्टरांनी नको म्हटलेली एकूण एक गोष्ट ती सगळ्यांना सांगत सुटायची, तसंच झालं.

"आत्याबाई, ट्रक भरलेले आहेत म्हणून भाव चढेल असं नाही. उद्या अजून उतरेल, परवाही उतरेल. माझं मत आहे की थांबावं. पण चढेलच असा शब्द मी देणार नाही. देताच येत नाही."

"बगा!" नानासाहेबांनी संधी सोडली नाही. पत्रक बाहेर आलं. अख्खी गाढवीण दिसली, पापण्या लांब, गळ्यात माळ. "घरची सून शब्द देत नाय. रामकिसन देतो. लेखी देतो!"

आवडाबाई पुन्हा नवऱ्याच्या बाजूला सरकली. काकासाहेब पत्रक लांब धरून बघायला लागले. "तब्येत चांगलीय गाढविणीची," कुणीतरी म्हणालं. गोदावरीनं छबूला घट्ट धरलं. तिला चिकलठाण्याचं दुकान दिसलं, पाटी उतरवलेली, शटर ओढलेलं.

बानाबाई काठी टेकत तिच्यापाशी आल्या आणि बाकीच्यांकडं पाठ करून हळू आवाजात बोलल्या. "गोदे, मी थांबवते सगळ्यांना. पण तू एक कर. दुष्काळाच्या साली राखणदार आपला वाटा सोडतो. औंदा तुझी निम्मी पिल्लं सोड."

"माझी कुठली पिल्लं?"

"अर्धलीची. जेवढी वाढ झाली त्यातली निम्मी तुझी, निम्मी आमची. तूच तर व्हय म्हणालीस."

गोदावरीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. हळू आवाज आवडाबाईंपर्यंत पोचलाच होता. "त्यात लाजायचं काय? तू फ्लॅट घेतलास तवाच मी ह्यांना म्हणलं, घेईलच. निम्मं तिच्या हक्काचं हाय."

"आक्का, फ्लॅट कर्जावर घेतलाय!" गोदावरीचा आवाज चढला आणि छबू जागी झाली. "आत्याबाई, सहा वर्षं तुम्हाला वाटतंय मी निम्मं घेते? मी तुमच्या कळपातली एक लेंडी उचललेली नाही! सगळी वाढ तुमचीच आहे."

"सगळी?"

"सगळी हाय, आई," त्रिंबक म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं सरळ वाक्य.

नानासाहेबांनी पत्रकाची घडी घातली. कपाळावर आठ्या पडल्या. "थांबा, थांबा. समजा महिन्यामागं धा पिल्लं झाली व्हती. त्यातली मी माझी धरली पाच."

"तुम्ही धरली," गोदावरी म्हणाली. "तुमची दहा होती."

"आता ह्या पडझडीत धातली पाच गेली. ऱ्हायली पाच."

"हो."

"आन ती पाची माझी?"

"तुमचीच."

"म्हंजी महिन्यामागं माझं जेवढं व्हतं, तेवढंच आज हाय?"

"तुमच्या हिशोबानं तेवढंच."

नानासाहेबांनी भावकीकडं बघितलं, गेटाकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं. "मंग आपण हितं आलो कशाला?"

"तेच तर मी मघाधरनं इचारतोय," गजांमागून मुंजाबा म्हणाला. "काय काम हाय?"

*

परत टेम्पोपाशी येताना सगळे खुशीत होते आणि आवडाबाई पुन्हा गोदावरीच्या बाजूनं चालत होती. खुशी काकासाहेबांच्या खाकरण्यापर्यंत टिकली.

"येक सांग सूनबाई. निम्मं घेत नायस, मंग राखतीस कामून? फुकट राखणारा माणूस मी अजून बघितला नाय."

"कंपनी देते मामंजी, थोडं कमिशन."

"कंपनी देती? मंग तू कंपनीची राखणदार. आमची नव्हंस."

हे परीक्षेच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं आणि गोदावरीला ते पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. टेम्पोपाशी उभ्या माणसांच्या नजरा पुन्हा बदलल्या. निम्मं घेते असं वाटत होतं तोवर सहा वर्षं कुणी तिच्यावर संशय घेतला नव्हता. आता काही घेत नाही म्हटल्यावर आवडाबाईंनी पुन्हा जागा बदलली.

"निम्मं घे," बानाबाई म्हणाल्या.

"नाही घेता येत. नियमात बसत नाही."

"मंग पाट घे."

"आत्याबाई, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो!"

"आमची राखणदार हायेस का नायस, तेवढं सांग."

घरी आल्यावर बानाबाई गोठ्यात गेल्या आणि एक तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली पाट ओढत घेऊन आल्या. दोर गोदावरीच्या हातात दिला. तिच्या हातात आधीच छबू होती, त्यामुळं दोर मनगटाला बांधावा लागला. "हिच्या कानाला आमचा काप नाय," त्या म्हणाल्या. "ही तुझी. आन निम्मं घेतीस असं वाटायचं ना, तवा मला बरं वाटायचं, गं. पोरगी खातीय, असू दे म्हणायचे. तू तर उपाशीच राखत व्हतीस."

शेळीनं छबूच्या टोपीची दोरी तोंडात धरली होती, ती गोदावरी सोडवू लागली. मागं नानासाहेब काकासाहेबांना सांगत होते, घाई नाय, गाढविणीचं पुढच्या वर्षी बघू.

*

चिकलठाण्यात पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. तळमजल्यावर नजमुन्निसा आपा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. फर्दापूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, गोदावरीच्या पहिल्या बाहेरच्या गिऱ्हाईक.

"ये क्या उठा लाई गे मां?"

"फी आहे आपा. सासूबाईंनी दिली, पैसे सांभाळल्याची."

आपा हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "हौ? आन माझे पैसे? माझ्याकडून तर तू कभी कुछ नहीं ली." त्यांची नजर गोदावरीनं लगेच ओळखली. दिवसभर तिनं तीच संशयाची नजर बघितली होती.

"तुम्ही छबूला राखता ना," ती घाईघाईनं म्हणाली. "तीच माझी फी."

आपांनी हात पुढं केले. छबू झेपावत त्यांच्याकडं गेली आणि त्यांच्या चष्म्याला हात घातला. आपांनी चष्मा सोडवून घेतला. "अर्धलीनं म्हण ना मग. हमारे फर्दापूर में भी बकरियां ऐसेच देते थे." त्यांनी छबूचा पापा घेतला. "कायदा मालूम है ना? निम्मी माझी."

दिवसभर कुणाला कशाचाही शब्द न दिलेल्या गोदावरीनं हसत मान हलवली. हलवली मात्र, आणि तिला सहा वर्षांपूर्वीचं अंगण आठवलं. छबू आपांच्या खांद्यावर डोकं टाकून निवांत झाली होती. मनगटाचा दोर सोडून तिनं पाट त्रिंबकच्या हातात दिली, पायरीवर बैठक मारली आणि म्हणाली, "आपा, निम्मी म्हणजे नेमकी कशी, ते आत्ताच बोलून घेऊ."